बटाट्याच्या वतीने

"आज भाजी कसली रे?"
"बटाटा."
"परत?"

हा संवाद आमच्या होस्टेलच्या जिन्यात रोज दोनदा होतो. वर जाणारा सांगतो, खाली येणारा ऐकतो, आणि ऐकणारा चेहरा असा करतो की जणू एम-थ्रीचा निकाल लागला. त्यातले काही जण तिथूनच वळतात आणि गेटबाहेरच्या गाडीवर वडापाव खायला जातात. आता वडापावमध्ये काय असतं? बटाटाच! म्हणजे आमचं भांडण बटाट्याशी नाही. ते नेमकं कशाशी आहे, हे शोधायचा मी गेला वर्षभर प्रयत्न करतोय. योगायोगाने (म्हणजे दुसरं कोणी उभंच राहिलं नाही म्हणून) मी यंदा मेस सेक्रेटरी आहे. तेव्हा हा लेख म्हणजे आरोपीच्या वकिलाचं भाषण समजा. फी घेतलेली नाही.

प्रकरण असं आहे. गेल्या महिन्यात मेसच्या मीटिंगमध्ये एक ठराव आला. थंडीचे तीन महिने मेनूतून बटाटा काढून टाकावा, त्याऐवजी आठवड्यातून दोनदा पनीर द्यावं आणि त्यासाठी मेसबिल महिन्याला माणशी साडेतीनशे रुपयांनी वाढवावं. टाळ्या पडल्या. मी विरोध केला, तर मागून आवाज आला, "कॉन्ट्रॅक्टरकडून किती घेतले?" मग बोलायची संधीच मिळाली नाही. मतदान पुढच्या मीटिंगवर गेलं. तिथे सांगता आलं नाही, ते इथे लिहितोय.

आधी आरोप बघू. पहिला आरोप: बटाट्यात काही नसतं, नुसता स्टार्च.

मित्रहो, आपण इंजिनिअर होणार आहोत, तेव्हा आकडे बघू. सालीसकट उकडलेल्या १०० ग्रॅम बटाट्यात साधारण ८७ कॅलरी असतात. त्यात कर्बोदकं २० ग्रॅम, प्रथिनं दोन ग्रॅमच्या आत आणि चरबी जवळजवळ शून्य, ०.१ ग्रॅम. शिवाय 'क' जीवनसत्त्व १३ मिलिग्रॅमच्या आसपास, पोटॅशियम ३८० मिलिग्रॅमच्या आसपास आणि बी-६ सुद्धा बऱ्यापैकी. पोटॅशियम म्हटलं की आपल्याला केळं आठवतं. वजनाला वजन लावलं तर उकडलेला बटाटा केळ्याच्या बरोबरीने बसतो. आपल्या ताटात एका वेळेला दीडशे ग्रॅम बटाटा पडतो असं धरलं, तर १३० कॅलरी होतात. याला 'काही नसतं' म्हणत नाहीत.

दुसरा आरोप: बटाट्याने वजन वाढतं.

वाढतं, पण कशामुळे ते बघा. हाच बटाटा पातळ कापून, तळून, पाकिटात भरला की १०० ग्रॅमला ५३० ते ५५० कॅलरी होतात आणि पाकिटातला जवळजवळ एक तृतीयांश माल तेल असतो. उकडल्यावर ८७ आणि तळल्यावर साडेपाचशे! बटाट्यातलं पाणी गेलं, त्या जागी तेल आलं. गुन्हा कढईचा, तुरुंगात बटाटा. उलट १९९५ मध्ये सिडनी विद्यापीठात सुझाना होल्ट आणि सहकाऱ्यांनी ३८ पदार्थ लोकांना सारख्या कॅलरीच्या मापात खायला घातले आणि पोट किती वेळ भरलेलं वाटतं ते मोजलं. पांढऱ्या ब्रेडला १०० गुण धरले, तर उकडलेल्या बटाट्याला ३२३ मिळाले, सगळ्यात जास्त. रात्री दोनपर्यंत जर्नल लिहिणाऱ्या माणसाला याचा अर्थ सांगायला नको.

तिसरा आरोप: साखर वाढते. हा आरोप मात्र मी मान्य करतो. उकडलेल्या किंवा कुस्करलेल्या बटाट्यातला स्टार्च लवकर पचतो आणि रक्तातली साखर भराभर चढते. आमच्या विभागातले एक सर डब्यातल्या बटाट्याच्या फोडी बाजूला काढून ठेवतात. त्यांचं बरोबर आहे. मधुमेह असलेल्यांनी बटाटा खायचाच असेल तर तो पोळी-भाताच्या जागी, थोडा आणि डाळ-उसळीबरोबर खावा. आणि आपण तरी काय करतो? पोळी, भात आणि त्यावर बटाट्याची भाजी! ताटात तीन पदार्थ, तिन्ही कर्बोदकं. ही चूक मेनू लावणाऱ्याची आहे. म्हणजे माझीच. नोंद घ्यावी.

चौथा आरोप आमच्या आजीचा. ती म्हणते, बटाटा वातूळ. पण ती नुसतं म्हणून थांबत नाही. बटाट्याच्या भाजीत हिंग, आलं आणि बाहेर गारठा असला तर चिमूटभर ओवा घालते. तिच्या हातच्या भाजीबद्दल आजवर घरात कोणी तक्रार केलेली नाही. तक्रार करणाऱ्याला ती स्वतः करून घ्यायला सांगते, हेही त्याचं कारण असू शकेल.

आजीवरून आठवलं. मी रायगड जिल्ह्यातला. आमच्याकडे थंडी पडली आणि वालाच्या शेंगा भरल्या की पोपटी लागते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. एक मडकं घ्यायचं, आत तळाला भांबुर्डीचा पाला घालायचा, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, कांदे, रताळी, खाणाऱ्यांसाठी अंडी किंवा कोंबडी, आणि मधेमधे जाडं मीठ नि ओवा. पुन्हा वरून पाला कोंबून तोंड बंद. मग ते मडकं शेतात उलटं ठेवायचं आणि भोवती पेंढा-लाकडं रचून पेटवायचं. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा थेंब नाही. शेंगांच्या आणि पाल्याच्या वाफेवर सगळं शिजतं. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाणी शिंपडायचं, चर्र झालं की समजायचं झालं.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत आमच्या विंगमधले सहा जण माझ्या गावी आले होते. मेसमध्ये बटाटा बघून ताट सरकवणारे हेच ते वीर! त्या रात्री थंडीत शेकोटीभोवती बसून, फुंकर मारत, बोटं भाजून घेत त्यांनी सालीसकट बटाटे खाल्ले. कोंबडी उरली, बटाटे संपले. एकाने तर विचारलं, "हे कुठल्या जातीचे बटाटे आहेत रे?" मी म्हटलं, बाजारात मिळतात तेच. मेसमध्येही तेच असतात.

मला मेसचं उत्तर तिथे मिळालं. बटाटा गरम होता, तिथल्या तिथे शिजला होता, सालीत शिजला होता आणि बरोबर वालाचे दाणे होते. आमच्या मेसमध्ये यातलं काहीही नसतं.

मेसमध्ये काय होतं ते ऐका. सेक्रेटरी झाल्यावर मी एकदा पहाटे साडेपाचला मागच्या दाराने आत गेलो. डिसेंबरचा महिना होता. दोन मावशी टाकीच्या गार पाण्यात हात घालून बटाटे सोलत होत्या. अडीचशे मुलं, माणशी दीडशे ग्रॅम, म्हणजे एका वेळचे साडेसदतीस किलो! बोटांना भेगा पडलेल्या. सोललेल्या फोडी मग पाण्याच्या टबात पडून राहतात, काळ्या पडू नयेत म्हणून. नंतर भरपूर पाण्यात उकडतात आणि ते पाणी ओतून देतात. 'क' जीवनसत्त्व आणि पोटॅशियम दोन्ही पाण्यात विरघळणारे, म्हणजे ज्या गोष्टींसाठी बटाटा खायचा त्यातला चांगला हिस्सा मोरीत! संध्याकाळची भाजी पाच वाजता तयार होते, आम्ही नऊला जेवतो. थंडीत चार तासांत रश्श्यावर तेलाची साय धरते. ती बाजूला सारून आपण खाली बटाटा शोधतो आणि शिव्या बटाट्याला देतो.

मी मामांना (आमचे मुख्य आचारी) विचारलं, सालीसकट का नाही उकडत? ते म्हणाले, "पोरं सालीला नाकं मुरडतील म्हणून." अहो, पण उकडल्यावर साल हाताने निघते! गार पाण्यात सोलायचं काम वाचतं, सत्त्वही पुष्कळसं आत राहतं. (सगळं सत्त्व सालीतच असतं असं काही जण सांगतात, ते खरं नाही. सालीत तंतू आहेत, पण बाकीचा बराच माल गरातच असतो. म्हणून साल खाल्लीच पाहिजे अशी सक्ती नाही. मातीसकट तर नकोच.)

आता एक गंभीर गोष्ट. दिवाळीच्या सुट्टीनंतर मेस उघडली तेव्हा स्टोअरमध्ये बटाट्याचं एक पोतं शिल्लक होतं, खिडकीखाली, उजेडात. वरचे बटाटे हिरवे झाले होते आणि डोळ्यांतून कोंब आले होते. एक जण म्हणाला, कोंब काढून वापरू, एवढा माल फुकट कशाला घालवायचा? मी नाही म्हटलं. त्यावरून वाद झाला आणि शेवटी रेक्टर सरांनी पोतं टाकायला लावलं. तेव्हा मी उगाच माज करतोय असं पुष्कळांना वाटलं.

उजेडात ठेवला की बटाटा हिरवा होतो. तो हिरवा रंग क्लोरोफिलचा, निरुपद्रवी. पण त्याच्याबरोबरच सोलॅनिनसारखी कडवट विषारी द्रव्यं वाढतात, विशेषतः साल, हिरवा भाग आणि कोंब यांत. ती उकडून जात नाहीत. लंडनच्या लुईशम भागातल्या एका शाळेत एकदा दुपारच्या जेवणानंतर ७८ मुलं आजारी पडली, १७ जणांना दवाखान्यात ठेवावं लागलं. उलट्या, जुलाब, काहींना भ्रम. सगळी वाचली. कारण शोधलं तर उन्हाळ्याच्या सत्रातून उरलेलं बटाट्याचं एक पोतं नव्या सत्रात वापरलं होतं. सुट्टीतलं उरलेलं पोतं! आपल्या स्टोअरमध्ये होतं अगदी तसंच. बटाटा हिरवा असेल, कडू लागत असेल, तर टाकून द्यायचा. यात काटकसर नाही.

आणि बटाटा फ्रिजमध्येही ठेवू नका. दोन-चार अंशांच्या थंडीत त्यातल्या स्टार्चची साखर व्हायला लागते. मग भाजी गुळमट लागते आणि तळलं तर काप काळपट पडतात. शीतगृहातल्या बटाट्याची कधी कधी गोडसर चव लागते ती यामुळेच. वेफर्सवाल्यांना हे चालत नाही, म्हणून आपल्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने 'कुफरी चिप्सोना'सारख्या खास जाती काढल्या. आपल्याला एवढं कळलं तरी पुरे: अंधारी, हवेशीर, कोरडी जागा, आणि महिन्याचा माल एकदम न भरता दर आठवड्याला खरेदी. आपल्या राज्यातही पुणे जिल्ह्यात मंचर, सातगाव पठारच्या भागात बटाटा होतो. रब्बीचा नवा माल थंडी सरता सरता बाजारात येतो, त्याची पातळ साल नखाने निघते. तो सोडून आपण कोंब आलेला जुना माल का शिजवतो, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

आता जरा इतिहास, थोडक्यात. बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताकडचा. आपल्याकडे तो पोर्तुगीजांबरोबर आला आणि नावही त्यांचंच घेऊन आला. म्हणून आपण बटाटा म्हणतो, उत्तरेत आलू. बाहेरून आला आणि थेट एकादशीच्या फराळात जाऊन बसला, इतका तो आपला झाला. फ्रान्समध्ये मात्र लोक त्याला हात लावत नसत. आंत्वान पारमांतिए नावाचा एक औषधतज्ज्ञ १७५६ ते १७६३ च्या सप्तवार्षिक युद्धात प्रशियाच्या कैदेत होता, तिथे कैद्यांना बटाटे खायला घालत. हा बाहेर आला तो ठणठणीत आणि आयुष्यभर बटाट्याचा प्रचार करत राहिला. १७७२ मध्ये पॅरिसच्या वैद्यक विद्याशाखेने बटाटा खाण्यालायक असल्याचं जाहीर केलं. म्हणजे तुरुंगातलं जेवण खाऊन बटाट्याची बाजू घेणारा मी पहिला नाही!

पण याच इतिहासाची दुसरी बाजूही सांगायला हवी. आयर्लंडमधली गरीब जनता जवळजवळ बटाट्यावरच जगत होती. १८४५ पासून करपा रोगाने पीक सडलं आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं उपासमारीने आणि रोगांनी मेली, तेवढीच किंवा जास्त देश सोडून गेली. त्यामागे राज्यकर्त्यांचा निर्दयपणाही होता. पण एकाच पदार्थावर सगळं पोट अवलंबून ठेवू नये हा धडा त्यात आहेच. तेव्हा रोज बटाटा द्या असं मी म्हणत नाही. मागच्या डिसेंबरात आपल्या मेसमध्ये एका महिन्यात चौदा वेळा बटाटा झाला. ते चूकच होतं. शिक्षा माफ करा म्हणतोय, पण हद्दपारी करू नका.

आता पनीर. पनीरवर माझा राग नाही. बटाट्यात नाहीत ती प्रथिनं पनीरमध्ये आहेत, १०० ग्रॅमला १८ ग्रॅमच्या आसपास. पण शेंगदाण्यात २५ आहेत, आणि मटकी-हरभऱ्यात (कोरड्या) वीसच्या पुढे-मागे. मग प्रथिनांसाठी बिलच वाढवायला हवं का? बटाट्याच्या रश्श्यात मूठभर दाण्याचं कूट, ताटात मटकीची उसळ, थंडीत स्वस्त झालेला ताजा वाटाणा, मेथी-बटाटा, वांगं-बटाटा, वाटीभर दही. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीची भाजी नि तीळ लावलेली बाजरीची भाकरी. यातल्या कशालाही साडेतीनशे रुपये लागत नाहीत.

साडेतीनशे म्हणजे काय, असं मीटिंगमध्ये एक जण म्हणाला. एका पिझ्झाचे पैसे! तो माझा मित्रच आहे आणि मनाने वाईट नाही. पण माझ्याच मजल्यावर एक फर्स्ट इयरचा मुलगा आहे. त्याची शिष्यवृत्ती वेळेवर येत नाही. तो महिन्यातले जेवढे नियमात बसतात तेवढे सगळे खाडे लावतो, आणि त्या दिवशी बिस्किटांचा पुडा आणि चहावर राहतो. मला हे कळलं ते मेसचं रजिस्टर बघताना. विचारलं तर म्हणाला, "भूक नसते, दादा." सबमिशनच्या आठवड्यात, थंडीत, एकोणीस वर्षांच्या मुलाला भूक नसते? मीटिंगमध्ये तो शेवटच्या रांगेत बसला होता. टाळ्या वाजल्या तेव्हा त्यानेही वाजवल्या. त्याने काय करायला हवं होतं?

माझा बटाट्याचा सगळा वकिली कारभार या मुलासाठी आहे, हे आता लपवत नाही. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला मेसची भाजी बिघडली तरी गाडी आहे, हॉटेल आहे. ज्याच्याकडे नाहीत त्याला मेसच आहे. मेसचं जेवण महाग करून सुधारणं हा एक मार्ग आहे. आहे तेच नीट शिजवणं हा दुसरा. दुसऱ्या मार्गाला कष्ट आहेत, म्हणून पहिल्याला टाळ्या पडतात.

दुसरा मार्ग चालतो का, हे बघायला आम्ही गेल्या रविवारी प्रयोग केला. मामांना तयार करायला तीन दिवस लागले. बटाटे धुऊन सालीसकट कुकरमध्ये उकडले, जेमतेम पाण्यात. साली मावशींनी आणि आम्ही चौघांनी पटापट काढल्या. तेलात मोहरी, हिंग, आलं-लसूण, कांदा. नेहमीच्या निम्मंच तेल. चौथा हिस्सा बटाटे हाताने कुस्करून रश्श्यात घातले, त्याने रस्सा दाट झाला. बेसन लावायची गरज पडली नाही. वरून वाटाणा, दाण्याचं कूट, गोडा मसाला, कोथिंबीर. आणि मुख्य म्हणजे भाजी दोनदा केली: एकदा साडेसातला आणि एकदा पावणेनऊला. उशिरा येणाऱ्यालाही वाफ निघणारी वाटी मिळाली. गॅस थोडा जास्त गेला, तेल वाचलं.

यामुळे सर्दी पळाली वगैरे दावे मी करणार नाही. 'क' जीवनसत्त्व घेतलं की सर्दी होतच नाही, हेही काही खरं नाही. पण त्या रात्री उष्ट्याचा ड्रम रोजच्या निम्माही भरला नाही. तक्रारवहीत एकच नोंद होती: "आज भाजी बरी होती. कसली होती?"

बटाट्याचीच होती, बाबांनो.

तेव्हा पुढच्या मीटिंगसाठी माझा ठराव असा. बटाटा आठवड्यातून तीनच वेळा. तळलेला फक्त एकदा. सालीसकट उकडायचा. खरेदी आठवड्याची, साठवण अंधारात, हिरवा दिसला की बाहेर. बटाट्याच्या दिवशी ताटात उसळ किंवा दही हवंच. रात्रीची भाजी दोन वेळा करायची. सोलण्यासाठी पाणी लागलंच तर ते मावशींना कोमट मिळावं. सोलर आपल्या आंघोळीसाठी आहे तसाच त्यांच्या हातांसाठीही असू शकतो. आणि मेसबिल आहे तेवढंच.

स्टाफलाही एक विनंती. महिन्यातून एकदा तुमच्यापैकी कोणी न सांगता आमच्याबरोबर पंगतीला बसा. स्वयंपाक त्या दिवशी आपोआप सुधारतो, हा अनुभव आहे.

मत कोणी कुठेही द्या. मला कॉन्ट्रॅक्टरचा माणूस म्हणायचं तर म्हणा. फक्त त्याआधी एकदा पहाटे साडेपाचला मेसच्या मागच्या दाराने आत या. स्वेटर घालून या, गारठा असतो. चार बटाटे सोला आणि मग हात वर करा.